पासंग

इस्पितळातल्या आहारतज्ज्ञ मॉर्वेनने काट्यावरचा आकडा वाचला, "एकसष्ट पूर्णांक दोन," आणि तो लिहायच्या आधी ती किंचित थांबली. एवढंच झालं. पेन कागदापासून बोटभर वर राहिलं आणि तिने मागचं पान उलटून पाहिलं, मग त्याच्या मागचं. मग ती अगदी सहज म्हणाली, "तुमचं वजन फार शिस्तीचं आहे हो, मिस्टर लेनी." डूगल लेनी काट्यावर उभा होता, पायात मोजे, अंगात राखाडी लोकरी बंडी, आणि बंडीच्या अस्तरात सात पौंड साडेचार औंस पितळ. तो हसला. म्हाताऱ्या माणसाचं कौतुक झालं की त्याने हसावं तसं हसला. पण हसू ओठांवर असतानाच आपण काय करून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. चौथ्यांदा एकसष्ट पूर्णांक दोन. चारही सोमवारी तेच. चौतीस वर्षं ग्लासगोच्या वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढली, आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात थोरल्या साहेबांनी जे कानात सांगितलं होतं तेच तो विसरला होता. ते म्हणाले होते, बाळा, थोडं कमी तोलणाऱ्याला घाबरू नकोस, थोडं जास्त तोलणाऱ्यालाही नको; जो दर वेळी तंतोतंत बरोबर असतो, त्याच्या पारड्याखाली हात घाल. पुढे हेच त्याने नव्या पोरांना किती वेळा सांगितलं असेल. खरा काटा हलतो, खरा माल सुकतो, ओला होतो, खरं माणूस सकाळी लघवीला जाऊन आलं तरी पाव किलोने उतरतं. आणि हा शहाणा घरच्या काट्यावर दर सोमवारी पहाटे उभा राहून, कमी पडलेलं वजन अर्ध्या औंसापर्यंत मोजून खिशात भरत होता. दहा-वीस ग्रॅम इकडेतिकडे सोडून दिले असते तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण चुकीचं वजन घेऊन घराबाहेर पडणं त्याच्या हातून होईना. लबाडी करायची तीसुद्धा प्रमाणित.

बसा, ती म्हणाली, आणि तो बसला. बसताना पितळ हलू नये म्हणून त्याने कोपर बरगडीला धरलं. चार पौंडी वजन उजव्या बाजूला, दोन आणि एक डाव्या बाजूला, वरचं चिल्लर बायकोच्या, नेट्टाच्या, जुन्या रुमालात गुंडाळून पाठीशी. सगळं मोज्यांत बांधलेलं, म्हणजे किणकिणायला नको. फेब्रुवारीत जठरात गाठ सापडली तेव्हा तो बारा स्टोन चार पौंड होता, चौदा पौंडांचा एक स्टोन. मॉर्वेनच्या कागदावर ते अठ्ठ्याहत्तर किलो असं लिहिलेलं होतं, आणि पहिल्या दिवशी ते वाचून त्याला वाटलं की हा दुसऱ्याच कोणाचा कागद आहे. ज्या वर्षी दुकानांतून पौंड जाऊन किलो आला, त्या वर्षी ड्यूक स्ट्रीटवरच्या प्रत्येक भाजीवाल्याला, मासेवाल्याला यानेच दटावून किलोवर आणलं होतं. शिव्याही खाल्ल्या होत्या. पण स्वतःचं शरीर मात्र त्याने स्टोनातच ठेवलं. औषधांच्या चार फेऱ्या झाल्या. तोंडाची चव गेली. चहा पितळेसारखा लागे, आणि खरं पितळ जिभेवर कसं लागतं हे माहीत असलेला माणूस तो, त्यामुळे त्याची उपमा चुकत नव्हती. बटाट्याचा गोळा तोंडात फिरत राही. कपडे आधी सैल झाले, मग परके झाले. मग सर्जन मिस्टर एर्ड यांनी तारीख दिली, गुरुवार, अठरा. या देशात हातात सुरी आली की डॉक्टरचा मिस्टर होतो. त्या मिस्टरांनी तारखेबरोबर एक अटही घातली: साठ किलोच्या खाली गेलात तर मी तुम्हाला टेबलावर घेणार नाही, आधी नाकातून नळी घालून भरवू, महिनाभर थांबू, मग पाहू.

थांबू. त्या बैठकीतून डूगलने घरी आणला तो एवढा एकच शब्द. नेट्टाचा भाऊ वॉटी दोनदा थांबला होता. एकदा छातीत कफ म्हणून, एकदा खाट रिकामी नाही म्हणून. तिसऱ्यांदा त्याला आत नेलं आणि पाऊण तासात बाहेर आणलं. उघडलं, पाहिलं, शिवलं; गाठ पसरली होती. त्या पाऊण तासात बाहेरच्या बाकावर नेट्टा आणि तो एकाच कपातून कॉफी पीत होते, आणि दार इतक्या लवकर उघडलेलं पाहून नेट्टाला आधी आनंदच झाला होता. तिचा तो आनंद त्याला आठवे. वॉटीचा चेहरा आता धूसर झाला होता, पण घाईघाईने कप खाली ठेवून उठलेली नेट्टा त्याला डोळे मिटले की दिसे. म्हणून दुसऱ्या सोमवारी पहाटे घरच्या काट्यावर साठ पूर्णांक एक दिसल्यावर त्याने फार विचार केला नाही. अजून वर होतं, शंभर ग्रॅम वर, पण उतरण कुठे जाते आहे हे त्याला कळत होतं, आणि उतरणीचा कागद त्याला कोणाच्या हाती द्यायचा नव्हता. दिवाणखान्यातल्या शेगडीवरच्या फळीवर निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिलेली महागनीची पेटी होती. आत निळ्या मखमलीच्या खळग्यांत सात पौंडांपासून पाव औंसापर्यंत पितळी वजनं, प्रत्येकावर राजमुकुटाचा ठसा. वीस वर्षांत ती पेटी पाहुण्यांना दाखवण्यापलीकडे कशाला उघडली नव्हती. त्याने दोन पौंडाचं वजन उचललं. गार होतं. हाताला ते ओळखीचं वाटलं, आणि लाज वाटायच्या आधी बरं वाटलं, हे त्याने नंतर स्वतःशी कबूल केलं.

बंडीच्या अस्तरात खिसे त्याने स्वतः शिवले, न्हाणीघरात, कडी लावून. दर वेळी तेच कपडे घालून या, असं मॉर्वेननेच सांगितलं होतं, त्यामुळे बंडीला कोणी हरकत घेतली नाही. वजनाची सोय झाली. ताटाची सोय त्याहून वाईट होती. मॉर्वेनने नेट्टाला एक वही दिली होती, काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता. नेट्टा शाळेत लिपिक होती. तिचं अक्षर वळणदार आणि ओळीला धरून. पॉरिज, साय घालून, एक वाटी. खिमा आणि बटाटा, लोणी घालून, पूर्ण ताट. तांदळाची खीर, पूर्ण. ती स्वयंपाकघरात वळली की तो अर्धं ताट रुमालाखालच्या पिशवीत सारत असे आणि मग पेपर आणायच्या निमित्ताने जिना उतरून मागच्या अंगणातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकून येत असे. वरच्या मजल्यावरच्या बाईंना वाटे, लेनी किती फिरतात या वयात. त्याला खायचं नव्हतं असं नाही. घास पोटात जाऊन दगडासारखा बसे, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून नाही म्हणायला जीभ उचलत नसे. नेट्टा लिहायची, पूर्ण. त्या वहीतलं एक अक्षरही तिच्या बाजूने खोटं नव्हतं, आणि वही सगळी खोटी होती. आपल्या वजनापेक्षा त्याला हे जास्त लागे. स्वतःच्या काट्याला पासंग लावणारा एक, आणि बायकोच्या हाताला पासंग लावणारा दुसरा. यात पहिला बरा.

"इकडे हात द्या," मॉर्वेन म्हणाली आणि तिने मुठीत दाबायचं यंत्र त्याच्या हातात ठेवलं. त्याने दाबलं. सगळा जीव लावून दाबलं, खांद्यापासून, जबड्यापासून. बावीस. पहिल्या सोमवारी एकतीस होतं. या यंत्राला खिसा नव्हता. ते परत देताना त्याच्या मनात एकाएकी कथबर्ट स्पायर्स आला, शेटलस्टनचा खाटीक, आणि आला तो असा की दुकानातला भुसा आणि चरबीचा वास नाकात भरला. एकोणऐंशी साल. शुक्रवारची रांग, पगार झालेल्या बायका. स्पायर्सचा काटा दर वेळी तंतोतंत. डूगलने पारड्याखाली बोटं घातली आणि त्याला चरबीने चिकटवलेलं जुन्या काळचं एक जाडजूड तांब्याचं नाणं लागलं. दोन औंसांचा फरक. स्पायर्सने आरडाओरडा केला नाही. त्याने हात फडक्याला पुसले आणि हळू विचारलं, "दोन औंसांनी कोण मरतं, मिस्टर लेनी?" रांगेतल्या बायका पाहत होत्या. डूगलने त्याला कायद्याचं कलम सांगितलं. तेव्हा तो तिशीचा होता आणि कलम हे उत्तर आहे असं त्याला वाटे. दंड झाला, नाव पेपरात आलं, सहा महिन्यांत दुकानाला फळ्या लागल्या. शिक्षा बरोबरच होती. मापात पाप करणाऱ्याला दुसरं काय मिळणार. पण त्यानंतर डूगलला एक सवय लागली, जी कुठल्याही नियमपुस्तकात नव्हती. दुकानात शिरलं की तो आधी गल्ल्याकडे पाठ करायचा आणि चष्मा पुसायचा. चांगला मिनिटभर. काच स्वच्छ झाली तरी पुसत राहायचा. मागे काही खुट्ट झालं, काही सरकलं, खिशात काही पडलं, तर ते त्याला ऐकू येत नसे. मग तो वळून काटा तपासे आणि काटा बहुतेक वेळा खरा निघे. कितीजण त्या मिनिटात खरे झाले ते त्याने मोजलं नाही. खात्यात कोणाला कळलं असतं तर नोकरीवर गदा आली असती. हे त्याने एकट्या नेट्टाला सांगितलं होतं, तेही एकदाच.

मॉर्वेन आता रक्ताचे कागद मांडत होती. तिशीतली पोरगी, बेटांकडची, शब्द थोडे ओढून बोलणारी. गोड बोलायचं म्हणून बोलत नसे, म्हणून त्याला ती आवडे. तिने सांगितलं की रक्तातलं एक प्रथिन आणि पांढऱ्या पेशींची एक जात, यांची बेरीज करून ते एक आकडा काढतात. माणसाच्या अंगात शस्त्रक्रिया सोसायची किती शिल्लक आहे याचा तो अंदाज. पहिल्या आठवड्यात त्याचा पंचेचाळीस होता. मग एकेचाळीस. परवाचा अडतीस. हातातला जोर एकतीसवरून बावीस. आणि वजन जिथल्या तिथे. तिने तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाली, "हे तिघं एकमेकांशी बोलत नाहीत, मिस्टर लेनी. यातला एक कोणीतरी मला फसवतोय."

त्याने विचारलं, समजा वजनच फसवत असेल तर. समजा एखाद्याचं साठाखाली असेल, आणि तरी त्याला गुरुवारी घेतलं, तर काय होईल? गाठ तर तेवढीच आहे ना? चार आठवड्यांत ती काही लहान होणार नाही, झाली तर मोठीच होईल.

"गाठ तेवढीच असते," ती म्हणाली. "पण गाठ काढून झाल्यावर आतडं जोडायचं असतं. शिवण सर्जन घालतो, ती धरतं अंग. उपाशी अंगाकडे धरायला काही नसतं. मग ती उसवते, ताप येतो, माणूस तीन-तीन महिने खाटेवर. आणि त्यातून जे उठतात, तेसुद्धा पुढे कमी वर्षं जगतात. गाठ सारखीच असली तरी. इथे गाठीइतकंच खाण्याकडे बघतात ते उगाच नाही."

"किती कमी?"

"तुमचं मला सांगता येणार नाही. पुष्कळ माणसांचं मिळून सांगता येतं. भरवून पाठवलेले जास्त तरतात, एवढंच."

दोन औंसांनी कोण मरतं. पंचेचाळीस वर्षांनी उत्तर मिळालं होतं, आणि ते ऐकायला स्पायर्सच्या जागी तो स्वतः बसला होता. त्याला वाटत आलं होतं की काट्यापुढे दोन पक्ष असतात, विकणारा आणि घेणारा, आणि आपण घेणाऱ्याच्या बाजूचे. इथे विकणाराही तोच, घेणाराही तोच. मारलेलं माप त्याच्याच पिशवीत पडत होतं. मॉर्वेन उठली. कोपऱ्यात हात धुवायचं भांडं होतं, तिकडे गेली, त्याच्याकडे पाठ करून तिने नळ सोडला. "मला हात धुवायला एक मिनिट लागतं," ती म्हणाली. "मग काटा शून्यावर आणून परत एकदा बघू. यंत्रंही चुकतात कधीकधी." पाणी वाहत राहिलं. डूगल तिच्या पाठीकडे पाहत राहिला. हे तिला कोणी शिकवलं असेल? कोणी शिकवत नाही. त्यालाही कोणी शिकवलं नव्हतं. या बाजूने ते मिनिट इतकं लांब असतं हे त्याला माहीत नव्हतं. खाटकांना, कोळसेवाल्यांना, त्या मिठाईवाल्या म्हातारीला आपण एवढं लांब मिनिट देत होतो. त्याला भीती वाटत होती, साधी, नागडी भीती, गुरुवार जाईल, महिना जाईल, आणि मग एक दिवस दार पाऊण तासात उघडेल. नेट्टा कप ठेवून उठेल. तो बसून राहिला असता तर ती वळली असती, यंत्र बरोबरच निघालं असतं, आणि तिने एकसष्ट पूर्णांक दोन लिहिलं असतं का, ते त्याला सांगता येईना. लिहिलंही असतं. निरीक्षकाला शेवटी काट्यावर दिसेल तेच लिहावं लागतं.

त्याने बंडीची बटणं सोडली. चार पौंडी वजन टेबलावर ठेवताना त्याने आवाज होऊ दिला, मुद्दाम. मग दोन, मग एक. मग रुमाल सोडून चिल्लर. मोठ्याकडून लहानाकडे, रांगेत, ठसा समोर करून. दुसऱ्या तऱ्हेने ठेवायला त्याचा हात वळलाच नसता. नळ बंद झाला. मॉर्वेनने हात पुसले आणि टेबलाकडे पाहिलं. तिने काटा शून्यावर आणला. तो चढला. बंडीशिवाय त्याला थंडी वाजत होती.

"सत्तावन्न पूर्णांक नऊ," ती म्हणाली.

"बंडी राहिली," तो म्हणाला. "तेच कपडे हवेत. रिकामी आहे आता, बघ." आणि त्याने ती झटकून दाखवली, परत अंगात घातली. अठ्ठावन्न पूर्णांक तीन. त्याने मनातल्या मनात हिशोब केला. पहाटे रिकामी बंडी चढवून तो घरच्या काट्यावर उभा राहिला तेव्हा तिथे सत्तावन्न पूर्णांक नऊ भरलं होतं. म्हणजे घरचा काटा चारशे ग्रॅमने कमी दाखवत होता, आणि ते पितळ घालून इथे चारशे ग्रॅम जास्त भरायला हवं होतं. भरलं नव्हतं. "पोरी," तो म्हणाला, "तुझा काटा डुलतोय. मघाशी एक सांगत होता, आता दुसरंच सांगतोय. तपासून घे." मग ती पहिल्यांदा हसली आणि म्हणाली, मघाशी तुम्ही भिंतीला कोपर टेकून उभे होता. अंग आवळून. त्याला ते कळलंही नव्हतं. एवढं मोजूनमापून शेवटी एकसष्ट पूर्णांक दोन आला होता तो भिंतीच्या कृपेने. "मग ते चारही सोमवार पासंगालासुद्धा पुरत नाहीत," तो म्हणाला. तिने नवा आकडा लिहिला, मिस्टर एर्ड यांच्याकडे फोन लावला, आणि गुरुवार गेला. उद्या सकाळी नळी. चार आठवडे. मग पुन्हा रक्त, पुन्हा मूठ, पुन्हा काटा. तिने कसलंही वचन दिलं नाही आणि त्याने मागितलं नाही. निघताना तिने वजनं पिशवीत घालून दिली आणि विचारलं, ही घेऊन जिना चढवेल ना?

बसमध्ये पिशवी त्याने मांडीवर ठेवली होती. खिशात असताना वजनं कधी एवढी जड लागली नव्हती. डेनिस्टनमधल्या घराचा दुसरा मजला चढताना तो दोनदा थांबला, भिंतीच्या हिरव्या फरशांना हात लावून, आणि तेव्हाच आठवलं की नेट्टाला काय सांगायचं ते ठरवलेलं नाही. पण ठरवावं लागलं नाही. दिवाणखान्यात शेगडीवरची पेटी उघडी होती. नेट्टा खुर्चीत बसली होती, मांडीवर वही. निळ्या मखमलीतले खळगे रिकामे, आणि त्यांत धुळीचा कण नव्हता. त्याने पिशवीतून वजनं काढली आणि एकेक जागच्या जागी बसवली. शेवटचं अर्ध्या औंसाचं बोटातून निसटलं, ते तिने उचलून दिलं.

"तारीख गेली," तो म्हणाला.

"फोन आला होता मला. त्या मुलीचा."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"रोज पेटी पुसते मी, डूगल. झाकण उचलून पुसते. आणि कचराही मीच खाली नेते; तुझ्या खिम्याच्या पिशव्या वर दिसत होत्या." तिने मांडीवरची वही मिटली. "तू दुकानदारांना एक मिनिट द्यायचास. मी तुला तीन आठवडे दिले. पहिला तुझ्यासाठी दिला. पुढचे दोन माझ्यासाठी. वॉटी माझा भाऊ होता. मलाही गुरुवार हवा होता."

मग त्याला समजलं की वहीतलं ते वळणदार 'पूर्ण' तिनेही जाणूनबुजून लिहिलं होतं, कचऱ्याचा डबा पाहून आल्यावर, हात धुऊन. त्याला राग आला नाही. त्याला तिची कीव आली, आणि तो तिच्या शेजारी बसला. ती स्वयंपाकघरात गेली आणि सूप घेऊन आली, बार्लीचं, मटणाच्या हाडावरचं, वर साय. त्याने चमचा उचलला. पितळेची चव होती. तो खात राहिला, ती मोजत नाही असं दाखवत राहिली, आणि तो थांबला तेव्हा तिने वही ओढून घेतली आणि सवयीने लिहिलं, सूप, एक वाटी.

"सात चमचे लिही," तो म्हणाला.

नेट्टाने 'एक वाटी' खोडलं आणि लिहिलं, सात चमचे. मग त्याने वाटी परत पुढे ओढली, आठवा चमचा घेतला, आणि तिला पुन्हा खोडावं लागलं.